एक्केचाळीसवर अडकलेली बॅच

ब्युटाइल अ‍ॅसिटेट म्हणजे अ‍ॅसेटिक आम्ल आणि ब्युटेनॉल या अल्कोहोलपासून बनणारं एस्टर; सोबत पाणीही बनतं. त्याच्या बॅचची अ‍ॅसिड व्हॅल्यू, म्हणजे शिल्लक आम्लाचं माप, रात्रपाळीत ४१-४२ वर येऊन बसली ती बसलीच. दर तासाला सॅम्पल काढायचं आणि दर तासाला तोच आकडा लिहायचा, असं पहाटेपर्यंत चाललं होतं. बॅचशीटप्रमाणे ती ९ च्या खाली जायला हवी. मी ड्यूटीवर आलो तेव्हा शिफ्ट इन्चार्जचं निदान तयार होतं: "कॅटॅलिस्ट मेला, साहेब." उपायही करून झाला होता. पीटीएसएचा (पॅरा-टोल्युइन सल्फोनिक आम्ल, आमचा कॅटॅलिस्ट) जादा डोस टाकला, स्टीम वाढवली. आणि आकडा उतरायचा सोडून जवळजवळ एका पॉइंटनं चढला.

या चढण्यात गूढ काही नव्हतं. पीटीएसए स्वतःच आम्ल आहे, आम्ल मोजायला ब्युरेटमधून सोडतो ते पोटॅश त्याला वेगळं ओळखत नाही. पण कॅटॅलिस्ट वाढवूनही खरी अ‍ॅसिड व्हॅल्यू जागची हलत नाही, हे मला बोलकं वाटलं. कॅटॅलिस्ट पुढची अभिक्रिया जितकी वेगानं पळवतो तितकीच उलटीही पळवतो. मुक्कामाला लवकर पोचवतो, मुक्काम बदलत नाही.

माझ्याबरोबर त्या दिवशी एक ट्रेनी केमिस्ट होती, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. तिला म्हटलं, समतोल स्थिरांक मांड, म्हणजे अभिक्रिया दोन्ही दिशांना सारख्या वेगानं चालू लागल्यावर उत्पाद आणि मूळ पदार्थ यांचं जे गुणोत्तर टिकतं ते. तिनं फळ्यावर झटकन लिहिलं: वर एस्टर, खाली अ‍ॅसेटिक आम्ल गुणिले ब्युटेनॉल. पाणी कुठे गेलं?

"पाणी घेत नाहीत ना, सर."

घेत नाहीत, ते पाणी द्रावक असतं तेव्हा. तिथे ते इतकं प्रचंड असतं की थोडं बनलं काय, खर्च झालं काय, त्याची संहती बदलत नाही. म्हणून ते स्थिरांकातच जिरवून टाकतात. आमच्या केटलमध्ये, म्हणजे अभिक्रियेच्या भांड्यात, पाणी हा नुसता एक उत्पाद होता, तोही थोडका, आणि सगळं नाटक त्याच्याच प्रमाणावर चाललेलं. पाठ्यपुस्तकातला हा नियम मुलं कारणाशिवाय पाठ करतात, आणि प्लांटमध्ये नेमका तोच आडवा येतो. तिनं पुसून पुन्हा लिहिलं: एस्टर गुणिले पाणी, भागिले आम्ल गुणिले अल्कोहोल. या अभिक्रियेसाठी हे गुणोत्तर सुमारे ४ येतं. एस्टर बनताना उष्णतेची देवघेव नगण्य असते, त्यामुळे तापमान बदललं तरी ते फारसं हलत नाही.

४ हा काही मोठा आकडा नाही. आम्ल आणि अल्कोहोल एकास एक घेऊन भांडं बंद ठेवलं तर दोनतृतीयांशाच्या पुढे गाडी जात नाही. बर्थेलो आणि पेआँ द सँ-जील यांनी १८६२ मध्ये इथेनॉल घेऊन हेच पाहिलं होतं: आम्ल-अल्कोहोलपासून निघा किंवा एस्टर-पाण्यापासून, थांबायची जागा एकच. गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८६४ मध्ये वस्तुमान क्रियेचा नियम मांडला, त्यामागे हे आकडे होते.

आम्ही एका मोल आम्लाला १.२ मोल ब्युटेनॉल घेतो. बंद भांड्यात याचं रूपांतर ७२ टक्क्यांवर थांबलं असतं. आम्हाला ९८ हवं असतं. ते गाठायचं तर फळ्यावरच्या समीकरणानुसार केटलमध्ये फक्त ०.०१८ मोल पाणी राहून चालतं, म्हणजे तयार झालेल्या पाण्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणून तर कॉलम, कंडेन्सर आणि डिकँटर. वाफेबरोबर पाणी वर जायचं, डिकँटरमध्ये खाली बसायचं, तिथून ड्रेन व्हायचं. वरचा ऑरगॅनिक थर तेवढा रिफ्लक्सला, म्हणजे पुन्हा केटलकडे, परत.

मग गणित उलटं केलं. कॅटॅलिस्टचा वाटा वजा करून अ‍ॅसिड व्हॅल्यू ४१, म्हणजे आम्लाचा दहावा हिस्सा शिल्लक. अभिक्रिया खरोखर समतोलात असेल तर केटलमध्ये ०.१३३ मोल पाणी असलं पाहिजे, वजनानं साधारण १.८ टक्के. कॅटॅलिस्ट मेला असेल तर मात्र पाणी उकळून निघून गेलेलं असेल आणि आकडा याच्या बराच खाली येईल. सॅम्पल कार्ल फिशरला, म्हणजे पाणी मोजणाऱ्या चाचणीला, लावलं. १.९ टक्के.

ट्रेनीचा चेहरा उजळला. इन्चार्जचा नाही. "पाणी असेल हो, पण रिअ‍ॅक्शन तर बंदच आहे ना?"

ती बंद नव्हती, दोन्ही दिशांना सारख्या वेगानं चालू होती. पण जितकं एस्टर बनतं तितकंच मोडतं, हे ब्युरेटला कसं दिसणार? तेव्हा दाखवायचं ठरवलं. केटलमधलं १०० ग्रॅम सॅम्पल फ्लास्कमध्ये घेतलं, ४ ग्रॅम पाणी घातलं आणि रिफ्लक्सला लावलं, म्हणजे वाफ थंड होऊन फ्लास्कमध्येच परत पडेल असं उकळत ठेवलं. कॅटॅलिस्ट मेलेला असता तर काहीच झालं नसतं. जिवंत असेल तर एस्टर तुटून आम्ल परत यायला हवं. हिशेबानं अ‍ॅसिड व्हॅल्यू ७४ च्या आसपास. अधूनमधून टायट्रेशन करत राहिलो. आकडा चढत चढत गेला आणि ७३ वर थांबला. इन्चार्ज ब्युरेटकडे बघत म्हणाले, "म्हणजे आपण रात्रभर पाणीच फिरवत होतो?"

तसंच होतं. लॉगबुकात केटलचं तापमान या टप्प्याला नेहमी असतं त्यापेक्षा खाली होतं आणि वॉटर रिसीव्हरची लेव्हल मध्यरात्रीनंतर वाढलीच नव्हती. दोन्ही नोंदी तिथेच होत्या, पण अ‍ॅसिड व्हॅल्यूच्या रकान्यापलीकडे कुणी पाहिलं नव्हतं. डिकँटरची साइट ग्लास इतकी काळवंडलेली की इंटरफेस, म्हणजे दोन थरांमधली सीमा, दिसायची सोय नाही. खालचा ड्रेन व्हॉल्व्ह चिकट गाळानं जवळजवळ बुजला होता. पाण्याचा थर वर चढत रिफ्लक्सच्या नळीपर्यंत पोचला होता आणि वाफ जितकं पाणी वर आणत होती तितकं पुन्हा केटलमध्ये उतरत होतं. वाढवलेल्या स्टीमनं ही फेरी फक्त जोरात फिरवली.

लाइन मोकळी केल्यावर दुपारपर्यंत पाणी सुटत राहिलं, केटलचं तापमान चढू लागलं. ट्रेनीनं मध्येच विचारलं, पाणी काढायची एवढी यातायात करण्यापेक्षा अल्कोहोलच दुप्पट का घेत नाही? मी म्हटलं, सोडव. तिचं उत्तर साडेचौऱ्याऐंशी टक्के आलं. शिवाय उरलेलं ब्युटेनॉल डिस्टिल करून वेगळं काढायचं काम अंगावर येतं ते वेगळंच.

पाळी बदलायच्या आत अ‍ॅसिड व्हॅल्यू ९ च्या खाली आली, अर्थात कॅटॅलिस्टचा वाटा वजा करून. जादा टाकलेला पीटीएसए मात्र बॅचमध्येच होता. तो काढायला सोडा वॉश वाढवावा लागला आणि दुसऱ्या पाळीची शिव्याशाप देण्याची सोय झाली.