बास-ट्रेबलचा पॉट द्या म्हणायचं

जुन्या पीसीसाठी जॉयस्टिक मिळवणं अवघड नाही. निवडणंही फार अवघड नाही. जीव जातो तो तिच्या पोटातला कार्बनचा एक पॉट (पोटेन्शियोमीटर, दांडी फिरवली की विजेचा रोध बदलणारा सुटा भाग) गोव्यात बसून मिळवताना, आणि त्याहून जास्त, ऑनलाइन मागवलेला चुकीचा पॉट परत करताना. त्या परतीच्या फॉर्मवरचा माझा राग अजून उतरलेला नाही. तरी आधी जॉयस्टिकचं उरकून घेतो.

माझा पीसी पेंटियम एमएमएक्स, त्यात साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड. या कार्डाच्या पाठीला पंधरा पिनांचं रुंद सॉकेट असतं, जॉयस्टिक लावायचं, तोच गेमपोर्ट. आयबीएमने तो १९८१ साली आपल्या पहिल्या पीसीबरोबर आणला आणि पुढे कितीतरी वर्षं तो जवळजवळ तसाच राहिला. चार अक्ष, चार बटणं, बस्स. विंडोज एक्सपीपर्यंत तो चालायचा, व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने त्याला रामराम ठोकला. त्यामुळे आज जुनी जॉयस्टिक विकणाऱ्या बहुतेकांकडे ती लावून बघायला सॉकेटच नसतं. जाहिरातीत 'वर्किंग कंडिशन' लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका.

सुरुवातीला मला मायक्रोसॉफ्टच्या साइडवाइंडर प्रिसिजन प्रोचा मोह होता. तिच्यात दांड्याची हालचाल पॉटने नाही, प्रकाशाच्या सेन्सरने मोजली जाते, म्हणजे तिथे झिजायला काही नाही. पण ती पोर्टाशी डिजिटल पद्धतीने बोलते आणि तिला विंडोजचा ड्रायव्हर लागतो. मला खेळायचे होते डॉसमधले विमानांचे खेळ. शिवाय बाजारात मिळणारे स्वस्त गेमपोर्ट-टू-यूएसबी कन्व्हर्टर फक्त अॅनालॉग जॉयस्टिक ओळखतात, या डिजिटलवाल्या त्यांना कळत नाहीत. उद्या जुना पीसी बसला तर जॉयस्टिकही बसणार. दुसरी सीएच फ्लाइटस्टिक प्रो. फार चांगली, चार बटणं, अंगठ्याखाली हॅट (चार दिशांना ढकलायचं छोटं बटण), बाजूला थ्रॉटलचं चाक. मात्र परदेशातून मागवायची तर टपालखर्च आणि कस्टम मिळून आकडा जॉयस्टिकच्या किमतीपुढे जातो. तिची एक गंमतही माहीत असू द्या: हॅट हलवली की ती बटणांच्या जोड्या एकदम दाबल्याचं सांगते, कारण पोर्टात हॅटसाठी वेगळी जागाच नाही. थ्रस्टमास्टरवाल्यांनी त्याच कामाला चौथा अक्ष वापरला. खेळाच्या सेटअपमध्ये म्हणूनच 'सीएच' आणि 'थ्रस्टमास्टर' असे वेगळे पर्याय दिसतात.

माझं मत सरळ आहे. खिसा हलका असेल तर दोन बटणांची, नाव पुसलेली, खाली 'मेड इन तैवान' छापलेली साधी अॅनालॉग घ्या. आत दोन पॉट, दोन स्विच, दोन स्प्रिंगा. जे बिघडेल ते बदलता येतं.

आता गोव्यात ती कुठे मिळते हे सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे पटत नाही. नव्वदच्या दशकात ज्या घरातलं कोणी बोटीवर किंवा गल्फात होतं, त्या घरात. त्या काळी सुट्टीवर येणारा माणूस पोरांसाठी असलं काहीबाही बॅगेत टाकून आणायचा. पोरं आता कॅनडात आणि पोर्तुगालात, वस्तू माळ्यावर. मला मिळाली ती हळदोण्यात, ओळखीतून कळलेल्या एका घरात. आंटीने खोकाच पुढे ढकलला. "पुता, हें सगळें व्हर, म्हाका जागो जाय." (बाळा, हे सगळं घेऊन जा, मला जागा हवी.) मी तीनशे रुपये पुढे केले, तर ते घ्यायलाच ती तयार होईना. शेवटी टेबलावर ठेवून निघालो.

अशा ठिकाणी जाताना मल्टिमीटर सोबत न्या. पीसीची गरज नाही. प्लगच्या पिन १ आणि ३ मध्ये आडव्या अक्षाचा रोध मिळतो, १ आणि ६ मध्ये उभ्या अक्षाचा. दांडा हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचा. आकडा न अडखळता चढला किंवा उतरला पाहिजे. बटणांसाठी पिन २ आणि ४, मग ७ आणि ४, मीटर कंटिन्यूइटीवर (जोडणी झाली की वाजतो, त्या खुणेवर) ठेवून. माझ्या जॉयस्टिकची बटणं ठणठणीत, आडवा अक्ष छान. उभा मात्र मध्यावर आला की आकडा एकदम हजारात उडायचा आणि परत यायचा. तरी घेतली, कारण काय बिघडलंय ते तिथेच कळलं होतं.

घरी येऊन तळाचे चार स्क्रू काढले. उभ्या अक्षाचा पॉट सोडवून त्याचं पत्र्याचं झाकण पकडीने उचललं. आत घोड्याच्या नालेसारखी कार्बनची काळी पट्टी असते. दोन्ही टोकांना ती मखमली काळी होती, आणि मधोमध, जिथे दांडा सोडला की टेकतो, तिथे चकचकीत खाच पडलेली. कडेला काळी पूड साचलेली, आणि बोटाला लागणारा चिकट ओलावा. हा आपला पावसाळा. आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहिला (दाराच्या बिजागरीला मारतात ते तेलकट स्प्रे कार्बनवर मारू नका), दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. पट्टी झिजली होती, पॉट बदलण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

साउंड सिस्टीममध्ये पॉट थोडा खरखरला तरी चालतं, इथे का चालत नाही? कारण कार्ड या पॉटमधून एक कपॅसिटर भरतं आणि तो भरायला किती वेळ लागला ते प्रोसेसर मोजतो. रोध शून्य असेल तर साधारण २४ मायक्रोसेकंद, १०० के (किलोओहम) असेल तर अकराशेच्या वर. तेवढ्यावरून दांडा कुठे आहे हे ठरतं. पॉट क्षणभर जरी सुटला तरी विमान नाक खाली घालतं.

तर हवा होता १०० के, लिनियर. लिनियर म्हणजे दांडा मध्यावर तर रोधही निम्मा, ५० के. दुसरा प्रकार लॉग, व्हॉल्यूमसाठी बनवलेला. कानाला आवाज तसा ऐकू येतो म्हणून त्याची चढण मुद्दाम तिरकी ठेवलेली असते, मध्यावर जेमतेम दहा-पंधरा के. तो जॉयस्टिकला लावला तर अर्धा प्रवास एकाच कोपऱ्यात कोंबला जातो.

म्हापशाच्या दुकानात गेलो तर चवथीचे दिवस. काउंटरवर दिव्यांच्या माळांचा डोंगर, मागे माणसांची रांग. "१०० केचा पॉट," म्हटलं. "कसल्या अॅम्पाचो, बाब?" म्हटलं, अॅम्पचा नाही, जॉयस्टिकचा. त्याने एक पॉट काउंटरवर ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला माळ दाखवायला वळला. मी तिथेच मीटर लावला. लॉग. फोंड्यात लॉग. पणजीत "हांगा मेळना, मुंबयसून हाडूंक जाय." मुंबईला लॅमिंग्टन रोडवर हा पॉट कोणीही डोळे झाकून काढून देईल, पण चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी मुंबई कोण गाठतो? म्हणून ऑनलाइन मागवला. पानावर ठळक अक्षरांत 'लिनियर'. पाकीट आलं, पॉटच्या पाठीवर छापलेलं 'ए १०० के'. आपल्याकडे येणाऱ्या मालावर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनियर. काही जुन्या युरोपीय पॉटवर ए म्हणजेच लिनियर असतं, म्हणून अक्षरावर न जाता मीटर लावला. मध्यावर बारा के. लॉगच.

आणि मग तो फॉर्म. परत करण्याचं कारण निवडा: वस्तू तुटलेली आहे. रंग वेगळा आहे. साइज बसत नाही. आता नको आहे. यातलं मी काय निवडू? 'तुटलेली' टाकलं तर फोटोत तुटलेलं दिसायला हवं. 'आता नको' टाकलं तर परतीचा खर्च माझा. 'इतर' असा पर्याय नव्हता. 'साइज'वर टिचकी मारली, तर पुढे चौकट आली: तुम्हाला कोणती साइज हवी होती? एस, एम, एल. मी त्या चौकटीकडे बराच वेळ बघत बसलो.

शेवटी चॅटवर गेलो. तिथून उत्तर आलं, "सर, तुम्ही १०० के मागवला होता, आम्ही १०० केच पाठवला आहे." मी लिनियर आणि लॉगचा फरक लिहून पाठवला. उत्तर: "सर, वस्तू चालू असतानाचा व्हिडिओ पाठवा." पॉट चालू कसा करतात? तरी मीटर लावून, दांडी फिरवत, मध्यावर थांबून बारा के दाखवणारा व्हिडिओ काढला. बायको मोबाइल धरून उभी होती, आणि एवढ्या पैशांत आपण दोनदा भाजीपाव खाल्ला असता म्हणत होती. दुसऱ्या दिवशी निकाल आला: तपासणीत दोष आढळला नाही. पुन्हा भांडलो. या वेळी मान्य झालं, न्यायला माणूस येईल म्हणाले.

तो माणूस येण्यासाठी पत्ता पुन्हा भरायचा, आणि त्यात रस्त्याचं नाव लिहिल्याशिवाय पुढचं बटण उमटत नाही. आमच्या वाड्यावरच्या रस्त्याला नाव नाही. घर नंबर आहे, वाड्याचं नाव आहे, देवळामागचं घर म्हटलं की बसवाला कंडक्टरही सांगेल. मी रस्त्याच्या चौकटीत 'रस्ता' असं लिहिलं. दुपारी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो असताना मोबाइलवर संदेश: 'ग्राहक घरी उपलब्ध नव्हता.' समोरचं फाटक उघडं, कुत्रा झोपलेला, रस्त्यावरून सायकलसुद्धा गेली नव्हती. असं पुन्हा झालं, मग आणखी एकदा, आणि त्यानंतर विनंती आपोआप रद्द झाली. परतीची मुदत संपल्यामुळे नवीन विनंती घेता येत नाही, असं खाली बारीक अक्षरांत. तो पॉट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कोणाला व्हॉल्यूमसाठी हवा असेल तर घेऊन जा.

सुटका झाली ती डिचोलीत. जत्रेतल्या नाटकांना साउंड लावणारे एक मेस्त्री आहेत, जुने अॅम्प्लीफायर दुरुस्त करतात. माझी केबल घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो आणि बोलताबोलता पॉटचं रडगाणं सुरू केलं. त्यांनी सोल्डरिंग गन खाली न ठेवताच विचारलं, "लिनियर म्हणटा न्ही? मगे बास-ट्रेबलाचो माग." व्हॉल्यूमला लॉग लागतो, पण बास आणि ट्रेबलच्या बटणांना बहुतेक लिनियरच असतो. तो प्रत्येक दुकानात पडलेला असतो. दुकानदाराला 'लिनियर' सांगून उपयोग नाही, कशाला लागतो ते त्याच्या भाषेत सांगायचं. मेस्त्रींनी तंबाखूच्या डबीतून एक पॉट काढला, मी मीटर लावला: मध्यावर ४९ के. इतकं हलकं वाटलं की मी चहाचे पैसे देऊन वर बिस्किटांचा पुडाही आणला.

घेताना दांडीचा आकार मात्र बघा. माझ्या जॉयस्टिकच्या प्लॅस्टिकला डीच्या आकाराची दांडी लागत होती, मिळाली ती गोल, दातेरी. कानशीने एक बाजू सपाट केली, जास्तीची लांबी हॅक्सॉने कापली. कापताना पॉटचा देह नव्हे, दांडीच पकडीत धरा, नाहीतर आतली पट्टी जाते. तीन पायांपैकी वापरायचे दोनच, मधला आणि एका कडेचा. अक्ष उलटा चालला तर कडेचा पाय बदला.

बाकीचं भराभर झालं. जॉयस्टिकवर ट्रिमची दोन छोटी चाकं असतात, ती मध्यावर आणा आणि मगच विंडोज ९८च्या कंट्रोल पॅनलमध्ये कॅलिब्रेट करा. डॉसचे खेळ स्वतःचं कॅलिब्रेशन वेगळं मागतात. फार जुने खेळ वेळ मोजायला प्रोसेसरच्या फेऱ्यांवर विसंबतात आणि वेगवान मशीनवर गोंधळतात; बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची कॅश मेमरी बंद करून मशीन हळू करा. ज्यांच्याकडे जुना पीसी नाही त्यांनी कन्व्हर्टर लावून डॉसबॉक्समध्ये (नव्या पीसीवर डॉसचे खेळ चालवणारा प्रोग्राम) खेळावं. तिथे दांडा सोडूनही विमान सरकत राहिलं तर कॉन्फिग फाइलीत जॉयस्टिकच्या भागातली 'टाइम्ड' ही ओळ 'फॉल्स' करून बघा.

हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं: मशीनमध्ये दोन गेमपोर्ट असतील, एक साउंड कार्डावर आणि एक दुसऱ्या कुठल्या कार्डावर, तर दोघेही २०१ (हेक्स) याच पत्त्यावर, म्हणजे प्रोसेसर जिथे त्यांना शोधतो त्याच क्रमांकावर, बसतात आणि जॉयस्टिक वेड्यासारखी वागते. जॉयस्टिक उघडण्याआधी जंपरने (कार्डावरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी) एक पोर्ट बंद करून बघा. आणि मेस्त्रींकडून दोन पॉट जास्तीचे घ्या, आडवा अक्षही त्याच वयाचा आहे.