किनारा सपाट नसतो

श्रीवर्धन, शुक्रवार रात्र

पुण्याहून सायकलने कोकण किनाऱ्याला निघायच्या आधी सगळ्यांनी घाटाचीच भीती घातली. ताम्हिणीत सायकल? ब्रेक धरतील का? सासूबाईंनी तर भावोजींना बजावलं, "तिला मागे टाकून पळू नकोस." प्रत्यक्षात पुण्याकडून जाताना मुळशीच्या पाण्याकाठचे चढउतार सोसले की ताम्हिणी म्हणजे मोठा उतारच. पायांना सुट्टी, काम सगळं बोटांना. माझे ब्रेक रिमवर दाबणारे, जुन्या पद्धतीचे. ते एकसारखे धरून ठेवले की रिम तापते आणि बोटं आखडतात. म्हणून वळणाआधी नीट दाबायचे, वळणात सोडायचे, पुढचं वळण दिसलं की पुन्हा दाबायचे. भावोजींचे डिस्क ब्रेक आहेत, त्यामुळे त्यांना हे तत्त्वज्ञान लागत नाही. काल माणगावला मुक्काम झाला तेव्हा दोघंही भलतेच खुशीत होतो. अवघड भाग संपला, आता समुद्राच्या कडेकडेने आरामात, असं वाटत होतं.

आज म्हसळ्याहून थेट श्रीवर्धनला न येता दिवेआगरकडे वळलो, ते केवळ शेखाडीच्या रस्त्यासाठी. दिवेआगर ते श्रीवर्धन हा तुकडा सायकलवाल्यांमध्ये एवढा का गाजतो ते कळलं. उजवीकडे पाणी अगदी जवळ, डावीकडे डोंगर, मधून रस्ता. लहानसहान चढ आहेत, पण वळण संपलं की पुन्हा समुद्र दिसतो आणि दमल्याचं लक्षातच राहत नाही. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटला, तो पाठीत. किनाऱ्याने जायचं तर उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं, असं जुने सायकलवाले का सांगतात, ते पाठीला समजलं. उलट जाणारे दोघे भेटले, मान खाली घालून पेडल मारत होते. हात वर केला, त्यांनी नुसती मान हलवली.

भावोजी जेवताना म्हणाले, "वहिनी, असाच रस्ता गुहागरपर्यंत असला तर मी नोकरी सोडतो."

हर्णै, शनिवार

नोकरी सुरक्षित आहे.

सकाळी हरिहरेश्वर उरकून बागमांडल्याला फेरीबोट धरली. जेट्टीच्या उतारावर शेवाळ असतं आणि सायकलच्या बुटांना खाली क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकवायचे कडक खटके, असतात. लोक रुबाबात गाड्या चढवत होते आणि आम्ही दोघं अनवाणी, बूट हँडलला लटकवून, सायकली ढकलत. बोटीवर एका काकांनी सायकल एका हाताने उचलून पाहिली आणि किंमत विचारली. मी थोडी कमी करून सांगितली, तरी ते "अरे देवा" म्हणालेच.

सावित्रीची खाडी ओलांडायला पंधराएक मिनिटं लागत असतील. खाडीत बाणकोटच्या पुलाचे खांब नुसतेच उभे दिसतात. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने सलग रस्ता व्हावा ही कल्पना बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची, म्हणजे १९८०-८२ मधली. सुमारे पाचशे किलोमीटरचा तो सागरी मार्ग नकाशावर एक रेघ दिसतो, प्रत्यक्षात मोठ्या खाड्यांपाशी तुटतो. पूल झाले पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रात्री फेरीबोट नसते तेव्हा पलीकडच्या दवाखान्यात जायचं असेल तर लांबचा वळसा पडतो, तो इथल्या माणसांना पडतो, मला नाही. पण पूल झाल्यावर ही पंधरा मिनिटांची बसकण जाणार, एवढा स्वार्थी विचार बोटीवर मनात आलाच.

वेशवीला उतरलो आणि चढ सुरू. अंग गरम व्हायच्या आत, बूट घालून नीट पेडल बसायच्या आत. वर सडा, म्हणजे माथ्यावरचं सपाट पठार. सड्यावर काळपट जांभ्याचा कातळ, वाळलेलं गवत, एखादं काजूचं झाड, वारा भरपूर. जरा पाय मोकळे होतात तोच उतार आणि खाली वाडी. नारळी-पोफळीच्या मधून जेमतेम एक गाडी जाईल असा रस्ता, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, समोरून एस्टी आली तर सायकल उचलून कुणाच्या तरी बेड्यात, म्हणजे अंगणाच्या दारात, शिरायचं. वाडी संपली की पूल किंवा साकव, मग पुन्हा चढ. केळशी, आडे, आंजर्ले, सगळीकडे हाच क्रम. माझ्या सायकलला पुढे ३४ आणि मागे ३४ दात, म्हणजे पेडलचा एक फेरा तेव्हा चाकाचा एकच फेरा. घाटात हा गिअर लागलाच नव्हता. आज आंजर्ल्याच्या अलीकडे त्याच्याही खाली काहीतरी असावं असं वाटून मी बोटाने गिअर पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

हे असं का, ते चढताना डोक्यात जुळत गेलं. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या आखूड, सरळ पश्चिमेला समुद्रात. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. त्यांची मुखं समुद्राच्या पाण्याखाली बुडून खाड्या झाल्या आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचे सडे उरले. नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात आणि आपण उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे प्रत्येक नदी आणि प्रत्येक सडा आडवा येणार. शंभर-दीडशे मीटर चढायचं, तेवढंच उतरायचं, आणि कमावलेली उंची खाडीत सोडून द्यायची. असे चार-पाच सडे झाले की एक घाट चढून होतो, फक्त घाट चढल्याचं समाधान मिळत नाही.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. बोली इतकी भरभर की सुरमई कुणाची झाली तेही कळलं नाही. समोर सुवर्णदुर्ग. मला उभं राहवत नव्हतं, म्हणून एका उपड्या टोपलीवर बसले. कोळीणबाई ओरडल्या, मग सायकल पाहून त्यांनी स्वतःच दुसरी टोपली दिली.

गुहागर, रविवार

कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. आज आंब्याला मोहोर दिसला आणि त्याचा वासही रस्ताभर होता. चिऱ्याच्या खाणींचे ट्रक मात्र नकोसे. ट्रक गेला की तांबडी धूळ, ती घामावर बसते, चेनवर बसते. रात्री चेन पुसली तर फडकं विटेच्या रंगाचं झालं.

बुरोंडीच्या पुढे चढावर टपरी दिसली म्हणून थांबले. बाईंनी कोकम सरबत दिलं, मीठ जरा जास्तच घातलेलं. घाम गाळणाऱ्याला काय लागतं हे त्यांना पुडीतल्या पावडरी विकणाऱ्यांपेक्षा चांगलं कळतं. मग चौकशी.

"येवढ्या उन्हात सायकल? गाडी नाय काय?"

"आहे. घरी ठेवलीय."

"आणि मिस्टर?"

"तेही घरी."

तेवढ्यात भावोजी घामाघूम होऊन वर आले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "दीर आहेत," म्हटल्यावर त्यांचं पूर्ण समाधान झालं आणि दुसरा ग्लास फुकट मिळाला. मला या प्रश्नांचा पूर्वी राग यायचा. आता येत नाही, पण एकट्या पुरुषाला कुणी बायकोबद्दल विचारत नाही, हेही खरं.

दाभोळला फेरीबोटीची वाट पाहताना सावलीत चांगली झोप लागली. इथली फेरी २००३ पासून चालू आहे. त्याआधी गाडीने पलीकडे जायचं तर चिपळूणवरून वळसा. पलीकडे धोपावे, मग वेलदूर, अंजनवेल आणि वीज प्रकल्प, ज्याला सगळे अजून एन्रॉनच म्हणतात. तिथला रस्ता रुंद आणि गुळगुळीत. दोन दिवसांनी पहिल्यांदा मोठ्या गिअरवर सायकल पळवली आणि गुहागरच्या व्याडेश्वरापाशी येऊन थांबलो.

रात्री परतीवरून वाद. भावोजींचं म्हणणं, चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनेला जाऊ. घाट सुमारे ६०० मीटरचा आहे, म्हणून मी घाबरेन असं त्यांना वाटलं. मला तर तो सुटकेसारखा वाटला. घाट आखला बैलगाड्यांसाठी. बैलाला दम लागू नये एवढाच चढ ठेवायचा आणि डोंगराला वळसे घालत वर न्यायचं, म्हणून अंतर वाढतं पण चढ एकसारखा राहतो. एक गिअर धरला, एक लय सापडली की दोन तास गप्पा मारत चढता येतं. किनाऱ्यावरच्या गावांचे रस्ते पायवाटांवरून, पाखाड्यांवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटांवरून, रुंद झालेले. पाखाडी चढणारा माणूस डोक्यावर टोपली घेऊन जवळची वाट बघतो, वळसे कशाला घालेल? तोच चढ आज डांबराखाली तसाच आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर भावोजी म्हणाले, "मग ठरलं ना, कुंभार्ली?"

नाही ठरलं. घाट सोपा आहे म्हणून तो आधी करायचा, असं थोडंच आहे? मला तवसाळची फेरी धरून जयगडला उतरायचंय, तिथून मालगुंड, आणि मग आरे-वारेचा तो समुद्रावरून जाणारा चढ चढून रत्नागिरी. सायकली रेल्वेच्या लगेजमध्ये टाकून परत येऊ. भावोजींनी नवऱ्याला फोन लावून माझी तक्रार केली. तो म्हणाला, तिला विचार, मला काय विचारतोस.

उद्या हेदवी. ब्रेकचे मागचे रबर झिजलेत, ते झोपायच्या आत बदलायचे आहेत.