थ्येनथान: आधी माणसं, मग मंदिर

बीजिंगमध्ये हाताशी एकच सकाळ असेल तर ती थ्येनथानला द्या, म्हणजे टेंपल ऑफ हेवनच्या बागेला. बाग मोसमाप्रमाणे सहा-साडेसहाला उघडते. साडेसहापर्यंत आत असा, कारण आठनंतर टूरवाल्यांची गर्दी सुरू होते.

मेट्रोच्या ५ नंबर लाइनवर थ्येनथान-तोंगमन स्टेशनला उतरलं की पूर्व दरवाजा जवळच. आत थोडं चाललं की रंगवलेल्या तुळयांचा ७२ खणांचा लांब ओटा लागतो. बादशाही काळात याच छपराखालून देवाचा नैवेद्य नेत. आता तिथे आज्या विणकाम करतात आणि आजोबांचे पत्त्यांचे डाव रंगतात. पान आपटल्याचा आवाज अगदी आपल्याकडच्या पारावरचा!

मी सर्वात जास्त वेळ थांबले ती एका आजोबांपाशी. काठीएवढ्या दांड्याला स्पंजचा कुंचला, बाजूला पाण्याची बादली. फरशीवर ते एकेक अक्षर काढत मागे सरकत होते. ओळीचं शेवटचं अक्षर होईतो पहिलं वाळून गेलेलं. माझं लक्ष पाहून त्यांनी कुंचलाच पुढे केला. मी 'नमस्कार' लिहिलं. शिरोरेषेवरून त्यांनी हवेतच बोट फिरवून पाहिलं.

मुख्य मंदिर १४२० सालचं. १८८९ मध्ये वीज पडून जळलं, मग तसंच पुन्हा उभारलं. चांगलं पीक यावं म्हणून सम्राट इथे प्रार्थनेला येत. आतले २८ खांब नीट मोजा: मधले ४ ऋतूंचे, त्याभोवती १२ महिन्यांचे आणि बाहेरचे १२ दिवसाच्या दोन-दोन तासांच्या भागांचे. हे आवार सर्वांना खुलं झालं ते थेट १९१८ मध्ये. म्हणून तर तिथल्या पत्त्यांच्या डावाचं मला एवढं अप्रूप वाटलं.

बागेचं तिकीट वेगळं असतं. मंदिर पाहायचं तर एकत्रित तिकीटच काढा. पासपोर्ट जवळ हवाच. सोमवार टाळा. मी सोमवारीच गेले होते, आतल्या वास्तू बंद होत्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं. अलीपे किंवा वीचॅट या मोबाइलवरून पैसे भरायच्या ॲपला आपलं कार्ड निघण्याआधीच जोडून घ्या. फोटो काढण्याआधी मान हलवून विचारा, बहुतेक जण हसून होकार देतात. झाडांखाली घोळका करून पिसांचं फूल पायानं उडवणाऱ्या बायका दिसल्या तर जवळ उभ्या राहा, त्या आपणहून बोलावतात. पायात बूट असू द्या, चपलेनं ते फूल उडत नाही.