थकबाकी

“आमचा पगार हितं आलाय व्हय?” एवढेच आमच्या वसतिगृहातल्या एका मुलीच्या आई म्हणाल्या, आणि तेही हसत. नव्या सौर बंबाच्या टाकीवर रंगवलेले दात्याचे नाव त्यांनी अक्षरे जुळवत वाचले, मुलीच्या हातातली पिशवी नीट केली आणि तिच्या केसांतल्या उवांविषयी बोलू लागल्या. रविवारी पालक भेटायला येतात तेव्हा असे काहीबाही बोलले जातेच. मी उत्तर दिले नाही आणि त्यांनाही ते अपेक्षित नव्हते. तरीही ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले आणि आज आठवडा निम्मा सरला तरी जायचे नाव घेत नाही.

त्या सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, ज्यांनी आम्हाला बंब दिला त्यांच्याच कारखान्यात, पॅकिंगला आहेत. दोन महिन्यांचा पगार अडकला आहे. महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत पगार हातात पडला पाहिजे, हा लहान कारखान्यांसाठीचा नियम १९३६ सालच्या कायद्यापासून चालत आलेला आहे. पण तो नियम घेऊन त्या बाई कोणाकडे जाणार? गेल्या तर परत कामावर कोण घेणार? हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते, म्हणूनच त्या हसल्या असाव्यात.

मला राग आला की लाज वाटली, हे अजून नीट ठरवता आलेले नाही. रागाला तर जागाच सापडत नाही, कारण ते गृहस्थ वाईट नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा त्यांनी आपले गोदाम उघडून दिले होते आणि आठवडाभर तिथे चूल विझली नव्हती, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला आठवते. बंब बसवला त्या दिवशीही त्यांनी छायाचित्रकार आणला नाही, हार नको म्हणाले, मुलींशी दोन शब्द बोलले आणि निघून गेले. टाकीवर नाव घालण्याचा आग्रह आमच्या अध्यक्षांचा होता. शिवाय त्यांचीही बिले मोठ्या कंपन्यांकडे अडकलेली असणार. लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो, आणि तो कसा पाळला जातो हे वसाहतीत कोणालाही विचारावे. वरून थांबलेला पैसा खाली झिरपत नाही. हे सगळे मला समजते.

पण मग बंबाचा धनादेश कसा वटला?

हा प्रश्न मी कितीही बाजूला सारला तरी पुन्हा समोर येऊन बसतो. मार्चअखेर होती, प्राप्तिकरात देणगीवर मिळणारी कलम ८०जी ची सवलत हवी होती, २,००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीस चालत नाही म्हणून रक्कम धनादेशाने आली, पावती मीच फाडली. कागदोपत्री सगळे स्वच्छ आहे. त्या दिवशी खात्यात जी रक्कम होती तिच्यावर पहिला हक्क कोणाचा होता, हा रकाना मात्र कोणत्याच पावतीपुस्तकात नसतो.

मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्चायला लावले. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यांपैकी एक तरी हवे. आमचे दाते यात कुठेच बसत नाहीत, त्यांनी दिले ते मनापासून दिले. पण त्याच नियमांतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. कंपनीने आपल्याच कामगारांच्या फायद्यासाठी केलेला खर्च त्या दोन टक्क्यांत धरला जात नाही. म्हणजे घरच्यांना जेवायला वाढले, एवढ्यावर अन्नदानाचे पुण्य मागायचे नाही. हे बरोबरच आहे. मात्र घरचे उपाशी असताना बाहेर पंगत बसवली तर तिला काय म्हणायचे, याविषयी कायदा काही विचारत नाही, आणि आमच्यासारख्या संस्थाही विचारत नाहीत, कारण त्या पंगतीत आम्हीच बसलेलो असतो.

आपल्या भागाला हे कोणी नव्याने शिकवायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेत, कारखान्याबरोबर कामगारांसाठी वसाहतही उभी केली. त्यांचेच नांगर एके काळी विकत फिरणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. ते चालावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि पुढे रयतेच्या बायकांनी मुठीमुठीने धान्य बाजूला काढले. मूठभर ज्वारी देणाऱ्या बाईने कोणाचे थकवून ती आणली असेल अशी शंका कोणाच्या मनात येणार नाही. साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजला मोठी देणगी देऊन नाव बदलायला सांगणाऱ्याला भाऊरावांनी परत पाठवल्याची आठवणही सगळ्यांनी ऐकलेली आहे. पण ते भाऊराव होते. मी त्रेसष्ट मुलींच्या वसतिगृहाची मानद कोषाध्यक्ष आहे, माझ्यासमोर किराण्याचे बिल आहे, आणि थंडीत गार पाण्याने आंघोळ करून खोकणाऱ्या मुली मी पाहिलेल्या आहेत.

खरे सांगायचे तर मला स्वतःचीच कीव येते आहे. आयुष्यभर वर्गात गणित शिकवले, आता गुडघे कुरकुरत असताना मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढ्यांचे जिने चढायचे, दिवाणखान्यात ताटकळायचे, चहा नको असला तरी प्यायचा, आणि कोणी पाच हजार दिले की दहा वेळा आभार मानायचे. पुण्याहून फोन आला की तेच ऐकायचे, सोड आता ते सगळे. हे असते तर काय म्हणाले असते, ते लिहीत नाही. हात पसरणाऱ्याने समोरच्याचा हात कुठून भरला हे विचारू नये, अशी रीत आहे. आणि इतकी वर्षे ती मला जाचली नाही, कारण विचारायचे कोणी असे समोर येऊन उभेच राहिले नव्हते.

आज दुपारी रोजकीर्द लिहिताना मात्र मला एकदम हसू आले. आम्ही पालकांकडून महिन्याला सहाशे रुपये वाटा घेतो. फुकटचे नको, असा आयांचाच आग्रह असतो. त्या बाईंचे दोन महिन्यांचे बाराशे थकले आहेत. कुपवाडला कामाला जाणाऱ्या आणखी काही जणींचेही थकले आहेत. म्हणजे एका पानावर मी ज्यांची देणगी जमा धरली, त्यांच्याच कारखान्यातला न मिळालेला पगार पुढच्या पानावर थकबाकी म्हणून उभा आहे, आणि ती वसूल करण्याचे स्मरणपत्र पाठवायचे कामही माझेच. चाळीस वर्षे मुलांना गणिताचा ताळा करून पाहायला शिकवले, त्याचे हे फळ मिळाले म्हणायचे.

बंब परत करता येणार नाही, आणि करावासाही वाटत नाही. पाणी छान तापते. त्या बाईंनीही नळाखाली हात धरून पाहिला होता आणि त्यांचा चेहरा खुलला होता. आपल्या पोरीला ऊन पाणी मिळते याचा आनंद आणि तो टोमणा, दोन्ही त्यांच्या मनात एकाच वेळी मावले. मला एकही धड मावत नाही.

आभारपत्र अजून जायचे आहे. मसुद्यात मी बंबाचा उपयोग लिहिला, मुलींचे नमस्कार लिहिले आणि शेवटी एक परिच्छेद घातला, की आमच्या काही मुलींच्या माता कुपवाडच्या कारखान्यांत काम करतात, त्यांचा पगार वेळेवर झाला तर संस्थेचा पालकवाटाही वेळेवर येतो, तरी उद्योजक या नात्याने आपण याकडे लक्ष द्यावे ही विनंती. कोणाचे नाव नाही, कारखान्याचाही उल्लेख नाही. वाचणाऱ्याला कळायचे ते कळेल, आणि बाईंच्या नोकरीला धक्का लागणार नाही, असे दोनदा वाचून पाहिले.

अध्यक्ष तो परिच्छेद काढायला लावतील. “ताई, सोन्याचे अंडे देणाऱ्या कोंबडीला उपदेश करू नये,” असे काहीतरी म्हणतील आणि स्वतःच मोठ्याने हसतील. काढायला लावोत. देणगीदारांना दरवर्षी जमाखर्चाचा गोषवारा पाठवण्याचा ठराव त्यांच्याच सहीने झालेला आहे, आणि त्यात थकीत पालकवाट्याला स्वतंत्र ओळ असते. त्या ओळीपुढे कारण लिहायला जागा आहे.