मागच्या ॲक्सलचा आवाज: हौसिंग उतरवण्याआधी

वापरलेला पिकअप ट्रक घेऊन तीन आठवडे झाले, तेव्हा मागून येणाऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष करणे मला अशक्य झाले. गाडी ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेली की मागच्या बाजूला सलग घरघर सुरू होई आणि वेग ७०च्या आसपास पोहोचेपर्यंत ती इतकी वाढे की शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज चढवून बोलावे लागे. शिवाय उभ्या गाडीला पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की खालून एकदाच ‘ठक्क’ असा आवाज येई. गाडी पाहिलेल्या तिघा जाणकारांनी एकच निदान केले: क्राउन-पिनियन (इंजिनकडून आलेली फिरकी मागच्या चाकांकडे वळवणारी दातेरी चक्रांची जोडी) गेले, हौसिंग (ॲक्सलचे कवच) उतरवा. मला ते पटले नाही, कारण तिघांपैकी एकानेही गाडी चालवून पाहिली नव्हती. त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे मी जे तपासत गेलो ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण क्राउन-पिनियन बदलणे हे मागच्या ॲक्सलवरचे सर्वांत मोठे काम आहे आणि ते केवळ अंदाजाने कोणाच्याही माथी मारले जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

पिकअपच्या मागच्या भागाची एक अडचण आधी लक्षात घ्यायला हवी. रिकामा हौदा ढोलासारखा घुमतो आणि चॅसिसच्या दोन लांब पट्ट्या आवाज कुठूनही कुठेही वाहून नेतात, त्यामुळे केबिनमध्ये बसून ‘आवाज उजवीकडून येतो’ असे म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. म्हणून पहिल्या संध्याकाळी मी फक्त सुट्या वस्तूंचा बंदोबस्त केला. फाळक्याच्या कड्यांमध्ये रबर बसवले, हौद्याखाली टांगलेली स्टेपनी घट्ट आवळली, सायलेन्सर हाताने हलवून तो कुठे टेकत नाही याची खात्री केली आणि जॅक व पाने काढून ठेवले. खड्ड्यांवरची बरीच खडखड तेवढ्यानेच थांबली. घरघर मात्र तशीच राहिली, पण आता ती स्वच्छ ऐकू येऊ लागली.

पुढची पायरी म्हणजे एकाच सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर, एकाच वेगाला, चार वेगवेगळ्या स्थितींत तो आवाज ऐकणे. ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढत असताना, वेग जेमतेम स्थिर ठेवताना, गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडल्यावर आणि न्यूट्रलमध्ये गाडी नुसती वाहत असताना. (न्यूट्रलमध्ये इंजिन चालूच ठेवावे, ते बंद केले तर ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदत जाते.) या चाचणीमागचे कारण दातांमध्ये आहे. गाडी ओढत असताना पिनियनचे दात क्राउनच्या दातांना एका बाजूने ढकलतात. ॲक्सिलरेटर सोडला की चाके पिनियनला फिरवू लागतात आणि दाब दातांच्या विरुद्ध बाजूवर जातो. त्यामुळे दात झिजले असतील किंवा त्यांची बैठक चुकली असेल, तर येणारा आवाज बारीक, शिटीसारखा असतो आणि पाय उचलताक्षणी त्याचा सूर बदलतो, कधी तो पूर्ण थांबतो. बऱ्याचदा तो वेगाच्या एका अरुंद पट्ट्यातच येतो. पिनियनच्या बेअरिंगचा आवाज अधिक खरखरीत असतो, पण त्यालाही ओढ आणि सोड यांतला फरक जाणवतो. टायर आणि चाकाचे बेअरिंग यांना मात्र ॲक्सिलरेटरशी देणेघेणे नसते. चाक फिरते आहे तोवर ते आपला आवाज करत राहतात.

माझ्या गाडीची घरघर चारही स्थितींत जशीच्या तशी राहिली. गाडी उभी करून इंजिन तितक्याच फेऱ्यांवर नेले तेव्हा मागे शांतता होती. क्राउन-पिनियनवरचा माझा संशय इथेच बराचसा मावळला.

तरीही निव्वळ कानावर विसंबून राहायचे नव्हते, म्हणून थोडे गणित केले. माझ्या ॲक्सलचे गुणोत्तर ४.१ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेरीला प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या, ४.१ फेऱ्या होतात. हे गुणोत्तर ठाऊक नसेल तर मागची दोन्ही चाके उचलून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, एक चाक स्थिर धरून दुसरे बरोबर दोन फेरे फिरवावे आणि शाफ्टवर खडूने केलेली खूण किती वेळा फिरली ते मोजावे. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचात) तो आकडा म्हणजेच गुणोत्तर. टायरचा परीघ साधारण २.२ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला, म्हणजे मिनिटाला १००० मीटरला, चाक सेकंदाला साडेसातच्या आसपास फेऱ्या करते आणि शाफ्ट सुमारे ३१. शाफ्टचा दोष त्यामुळे सलग गुंजन किंवा बारीक थरथर म्हणून जाणवतो, तर चाकाचा दोष संथ ठेक्यात येतो. वेग ताशी १० किलोमीटरवर आणला की हा ठेका अक्षरशः मोजता येतो: चाकाचा सेकंदाला सव्वा, शाफ्टचा पाच. युनिव्हर्सल जॉइंटची, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्याची, थरथर शाफ्टच्या एका फेरीत दोनदा येते, हेही मोजताना लक्षात ठेवावे. माझ्या घरघरीत एक मंद हेलकावा होता आणि तो चाकाच्या चालीशी जुळत होता.

म्हणून आधी टायर पाहिले. मागच्या डाव्या टायरच्या पृष्ठभागावरून मी तळवा पुढे सरकवला तेव्हा तो गुळगुळीत लागला; तोच तळवा मागे ओढला तेव्हा प्रत्येक ठोकळ्याची कड करवतीच्या दात्यासारखी बोटांना अडली. एवढे फक्त पाहून कळले नसते. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे बसवून पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. घरघरीचा मोठा भाग आता माझ्या पायांखाली, पुढे आला होता, आणि खडबडीत डांबरावरून नव्या गुळगुळीत थरावर आलो की तो झटकन कमी होत होता. रस्त्याचा पृष्ठभाग बदलल्यावर बदलणारा आवाज टायरचाच असतो. मागे मात्र अजूनही काहीतरी उरले होते, अधिक खोल आणि कोरडे, आणि रस्ता कसाही असला तरी ते बदलत नव्हते.

‘ठक्क’ या आवाजाचा शोध त्यामानाने लवकर लागला. गाडी सपाटीवर उभी करून, चाकांना चारही बाजूंनी अडणी लावून मी खाली गेलो आणि प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी आलटून पालटून पिळला. थोडा खेळ सगळ्याच गाड्यांत असतो, कारण गिअरबॉक्स, स्प्लाइन, जॉइंट आणि क्राउन-पिनियन यांच्यातल्या बारीक फटींची तिथे बेरीज होते. म्हणून शाफ्ट थोडा फिरला म्हणजे क्राउन झिजले असा निष्कर्ष काढू नये. पाहायचे ते असे की जॉइंटच्या एका बाजूचा काटा हलतो आणि दुसऱ्या बाजूचा हलत नाही, असे होते का. मागच्या जॉइंटमध्ये नेमके तेच होत होते. टॉर्च जवळ नेली तेव्हा जॉइंटच्या मधल्या क्रॉसच्या (अधिकचिन्हासारख्या भागाच्या) एका टोपीच्या कडेला विटकरी रंगाची कोरडी पूड साचलेली दिसली, हळदी-कुंकवाच्या करंड्याच्या कडेला बसते तशी. वंगण संपून आतल्या सुया गंजल्या की असा गंज सीलमधून बाहेर झिरपतो. संथ वेगात चिमणीसारखी चिवचिव येते तीही बहुधा याच अवस्थेत. क्रॉस बदलला आणि ठक्क थांबला. तो थांबला नसता तर पाट्यांचे (मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचे) यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट पाहायचे ठरवले होते, कारण ते सैल झाले तर गाडी सुटताना अख्खा ॲक्सल सरकून असाच ठोका देतो. पाट्यांच्या बुशची कुरकुर ओळखायला मात्र साबणाचे पाणी पुरते: ज्या बुशवर ते उडवल्यावर कुरकुर काही वेळ बंद होते, तो दोषी.

उरलेल्या खोल आवाजासाठी मागची चाके उचलावी लागली. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवरच काम करतो. तीच चाके हवेत असतील तर तो गाडीला धरून ठेवू शकत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी हवी, गाडी स्टँडवर टेकलेली हवी आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये. चाक हाताने सावकाश फिरवताना मी दुसरा तळवा पाट्यावर, ॲक्सलच्या अगदी जवळ ठेवला. डावीकडे काहीही जाणवले नाही. उजवीकडे तळव्याला बारीक वाळू दळल्यासारखी करकर लागली, प्रत्येक फेरीत एकाच जागी जरा जास्त. कानाला हे जेमतेम ऐकू येत होते, कारण हवेतल्या चाकाच्या बेअरिंगवर गाडीचा भार नसतो. म्हणूनच अशा वेळी हात अधिक विश्वासाचा ठरतो.

त्याच बैठकीत डिफरन्शियलचे तेलही पाहिले. तेल सोडण्याआधी भरण्याचा नट उघडतो की नाही ते आधी पाहावे. खालचा नट उघडून तेल सोडले आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागीच अडकते. खालच्या नटाच्या चुंबकावरचा गाळ मी पांढऱ्या फडक्यावर पुसून उन्हात धरला. करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट होती. चकाकणारी खपली किंवा दाताचा तुकडा एकही नव्हता. अशी पेस्ट सामान्य झिजेची असते. तेल खूपच घट्ट किंवा संशयास्पद रीतीने नवे दिसले, तर विकणाऱ्याने आवाज दाबण्यासाठी ते भरले असण्याची शक्यता धरून पुन्हा योग्य दर्जाच्या तेलावर गाडी ऐकावी. केवळ वळणावरच येणारा आवाज असेल तर डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरांकडे पाहावे. आणि आवाज जातो का पाहण्यासाठी पिनियनचा नट कोणालाही आवळू देऊ नये. त्या नटाने बेअरिंगवरचा पूर्वदाब ठरतो आणि अनेक ॲक्सलमध्ये आतली दबणारी नळी एकदा जास्त चेपली की ती बदलावीच लागते. अर्ध्या फेऱ्याने चांगले बेअरिंगही जळू शकते.

उजवा ड्रम काढला तेव्हा आत तेलाचे ओघळ होते. कारण ॲक्सलच्या वर सापडले: ब्रीदरचे (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्राचे) टोपण चिखलाने पूर्ण बुजले होते, त्यामुळे तापल्यावर आतली हवा सीलमधूनच वाट काढत होती आणि सोबत तेल नेत होती. बेअरिंग ॲक्सलच्या शाफ्टवर दाबून बसवलेले असल्याने ते काढायला प्रेस लागला, आणि ते काम मी जाणत्या हातांकडे सोपवले. बाहेर आलेल्या बेअरिंगच्या कड्यावर नखाएवढा एक खड्डा पडला होता, आणि मला तळव्यावर प्रत्येक फेरीत जास्त जाणवणारी ती जागा तीच असावी. नवे बेअरिंग, सील आणि ब्रेक शू बसवले, ब्रीदर स्वच्छ केला, तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरले. क्राउन-पिनियनला कोणी हातही लावलेला नाही. आता ताशी ७० किलोमीटरला पुढच्या टायरांची घरघर तेवढी ऐकू येते, आणि ते टायर बदलायचे आहेतच.