रंगाखालचे स्क्रू

जुन्या कपाटाला रंग द्यायचा ठरलं की घरातली सगळी चर्चा छटेवर होते. मोतिया की पिस्ता, चकचकीत की मॅट. बिजागऱ्यांचा विषय कोणी काढत नाही. त्या जागच्या जागी ठेवून वरून ब्रश फिरवायचा, ही आपली पिढीजात पद्धत. कसब्यातल्या किंवा सदाशिवातल्या वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेलं कपाट खरवडून बघा. बिजागरीवर चार-पाच थर सहज निघतात: तळाला तांबूस, मग हिरवा, मग कचेरीतला राखाडी, सगळ्यात वर क्रीम. रंगाआधी ती काढायला गेलं आणि स्क्रू हलला नाही की शिव्या गंजाला पडतात. पण मुंबईच्या मानाने पुण्याची हवा कोरडी, शिवाय सागाच्या अंगात तेल असतं, त्यात लोखंड बरंच टिकतं. बहुतेक वेळा स्क्रूला धरून ठेवलेलं असतं ते ऑइल पेंटने.

म्हणून पहिलं हत्यार पेचकस नव्हे, कटर. बिजागरीच्या कडेने रंगात खोल रेघ मारून घ्यायची. हे टाळलं तर बिजागरी उचलताना बाजूचा रंग पापुद्र्यासारखा सोलला जातो, कधी लाकडाची कपचीही घेऊन येतो. मग स्क्रूची खाच मोकळी करायची. जुन्या स्क्रूंना एकच सरळ खाच असते. फिलिप्सच्या अधिकच्या खुणेचं पेटंट 1936 सालचं, आपल्या सुतारांच्या पेटीत ते त्यानंतर बऱ्याच उशिरा आलं. खाचेतला रंग काढायला हॅकसॉ ब्लेडचा तुटका तुकडा झकास. खाच तळापर्यंत, दोन्ही टोकांना धातू चमकेपर्यंत साफ हवी.

आता पेचकस. त्याची धार खाचेइतकीच रुंद आणि खाचेत डुगडुगणार नाही इतकी जाड हवी. घरात जो एकुलता एक पेचकस असतो, ज्याने रंगाचे डबेही उघडलेले असतात, त्याची टोकं गोल झालेली असतात. स्क्रूची खाच खाण्याचं पाप त्याचंच. पेचकस खाचेत उभा धरून मागून हातोडीचे दोन-तीन बेताचे ठोके द्यायचे. मग आधी आवळायचा, केसभर. कट्ट आवाज आला की रंगाची पकड सुटली. त्यानंतर उलटा फिरवायचा, अंगाचा भार पेचकसावर ठेवून.

तरीही ढिम्म राहिला तर उष्णता. साठ वॉटची सोल्डरिंग इस्त्री स्क्रूच्या डोक्यावर दोनेक मिनिटं टेकवायची आणि पूर्ण थंड होऊ द्यायचं. धातू फुगतो, भोवतीचं लाकूड किंचित दाबतो, निवताना आकसतो. मध्ये उसंत मिळते. शेगडी किंवा ब्लो-टॉर्च मात्र नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा रंग जाळणं किंवा कोरडा घासणं नको. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरायचा, नाकाला मास्क, मुलं दुसऱ्या खोलीत.

तेलाबद्दल इथे भांडण होतं. शेजारचा कोणीतरी रॉकेल किंवा डब्ल्यूडी-40 हा गंज सोडवणारा फवारा घेऊन हजर होतोच. नटबोल्टला ते चांगलं, कारण तिथे लोखंड लोखंडात अडकलेलं असतं. खणाच्या मुठीचा बोल्ट आतल्या नटाशी जखडला असेल तर बिनधास्त घाला, रात्रभर ठेवा. पण लाकडी स्क्रूचे आटे लाकडात असतात. तेल तिथे पोचण्याआधी लाकूडच ते पितं, आणि पुढे त्या जागी नवा रंग धरत नाही, त्यात गोल खळगे, म्हणजे डोळे पडतात. घातलंच असेल तर थिनरने पुसून, वाळवून, वर चपडा लाखेचा हात द्यायचा. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख तेलाला खाली कोंडते.

पितळी स्क्रूशी जबरदस्ती नको, पितळ मऊ, डोकं तुटून हातात येतं. खाच गेली असेल तर डोक्याच्या मधोमध पंचने खूण करून ड्रिल करायचं. आठ नंबरच्या स्क्रूची मान साधारण सव्वाचार मिलिमीटर, त्याला पाचचा बिट घेतला की डोकं सुटतं आणि बिजागरी उचलली जाते. मागे राहिलेला दांडा पक्कडीत धरून फिरवला की बहुधा निघतो. लाकडाच्या पातळीलाच तुटला असेल तर तो आत ठोकून वर लांबी (पुट्टी) भरा आणि बिजागरी अर्धा इंच वर सरकवा. शुद्धतावाद्यांना हे पटणार नाही, दार मात्र नीट लागेल.

भोक सैल झालं तर काडेपेटीची काडी खुपसणारे बरेच आहेत. काडी दोन महिने टिकते. सागाची खुंटी तासून, फेविकॉल लावून ठोकायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही.

निघालेल्या पितळी बिजागऱ्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळल्या की रंग सालीसारखा सुटतो. भांडं पुन्हा स्वयंपाकाला नाही, आणि ॲल्युमिनियमची मूठ त्यात टाकायची नाही, सोडा तिला खातो. मग चिंच किंवा पितांबरी. एखादी बिजागरी मोडली तर पुण्याच्या बोहरी आळीत नवी मिळते, पण जुन्या मापाची हवी असेल तर जुन्या बाजारात चक्कर मारावी, मूळ नमुना खिशात घेऊन. नुसतं ‘तीन इंची’ सांगून भागत नाही, भोकांची जागा जुळायला हवी.

दार उतरवताना खालची बिजागरी आधी, वरची शेवटी, आणि दाराखाली पाचर. प्रत्येक बिजागरीखाली पेन्सिलीने आकडा. स्क्रू पुठ्ठ्यावर कपाटाचं चित्र काढून त्या-त्या जागी टोचून ठेवायचे. परत बसवताना आट्यांना मेणबत्ती घासावी, साबण नको, तो दमट हवा धरतो. आणि हे सगळं पाडवा ते मृग या काळात. दिवाळीच्या तोंडावर लाकूड अजून पावसाळ्याने फुगलेलं असतं.

सगळं बसवून झाल्यावर पुठ्ठ्यावर एक स्क्रू उरतोच. तो बहुतेक खालच्या बिजागरीचा, आतल्या कोपऱ्यातला असतो, जिथे पेचकस सरळ उभा राहत नाही.