पंधरा ऑगस्टच्या भाषणात हमखास घुसणाऱ्या चुका

ऑगस्ट उजाडला की सोलापुरातल्या शाळांत भाषणांचे कागद फिरू लागतात आणि त्याच त्या चुका एका कागदावरून दुसऱ्यावर उतरतात. सगळ्यात मुरलेली चूक: ‘१५ ऑगस्टला आपण ब्रिटिश राजाच्या नावातूनही सुटलो.’ तसं झालं नाही. भारत डोमिनियन, म्हणजे ब्रिटिश राजाला प्रमुख मानणारा स्वशासित देश झाला, कारभार आपल्या हाती आला, पण २६ जानेवारी १९५० पर्यंत कायद्याने राजा सहावा जॉर्जच होता. म्हणूनच स्वातंत्र्यानंतरही गव्हर्नर जनरल हे पद राहिलं, आधी माउंटबॅटन आणि मग राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी.

तारीख ना गांधीजींनी ठरवली ना ज्योतिषांनी. ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ ची मुदत दिली होती. माउंटबॅटननी ती अलीकडे ओढली आणि जपानच्या शरणागतीचा दिवस म्हणून १५ ऑगस्ट निवडला. पंचांगवाल्यांनी त्या दिवसाला नाक मुरडलं हे खरं, पण म्हणून तारीख बदलली नाही. संविधान सभेची बैठक मात्र १४ च्या रात्री ११ ला बसली.

आता २६ जानेवारी. हा खरं तर वयाने मोठा स्वातंत्र्यदिन. लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० ला, रविवारी, देशभर प्रतिज्ञा घेतली गेली. तेव्हापासून ४७ पर्यंत हाच स्वातंत्र्यदिन. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारलं होतं, पण त्याचा मुख्य अंमल या दिवसाचा मान राखायला दोन महिने थांबला. त्यामुळे १९३५ च्या एखाद्या जुन्या पत्रात ‘स्वातंत्र्यदिन’ वाचलात, तर डोळ्यापुढे श्रावण नको, थंडी आणा.

लाल किल्ल्यावर नेहरूंनी झेंडा फडकावला तो १६ ऑगस्टला, १५ ला नव्हे. ‘पाकिस्तान एक दिवस आधी स्वतंत्र झालं’ हेही भारतीय स्वातंत्र्याच्या ब्रिटिश कायद्यात नाही. कायद्यात दोघांसाठी १५ च होती. पाकिस्तानच्या १९४८ च्या टपाल तिकिटांवरही १५ ऑगस्ट १९४७ छापलेलं आहे.

‘१९३० मध्ये सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होतं’ हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. ८ मेच्या गोळीबारानंतर ९ ते ११ मे शहरावर इंग्रजांचा ताबा उरला नव्हता, इतकं पक्कं. १२ मेला लष्करी कायदा आला. पण स्वतंत्र राज्याची रीतसर घोषणा झाल्यासारखं सांगू नये. या आंदोलनातले सोलापूरचे चार हुतात्मे धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. ‘झेंडा लावला म्हणून फाशी’ असं कागदावर असेल तर खोडा. त्यांच्यावर आरोप होता दोन पोलिसांच्या खुनाचा.

आणि आपल्या शेजारची गफलत. एसटीने तासाभरात तुळजापूर गाठता येतं, पण १५ ऑगस्ट १९४७ ला तिथे निजामाचंच राज्य होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून भारतीय सैन्य हैदराबादच्या रस्त्याने निघालं, नळदुर्ग त्याच दिवशी घेतलं आणि १७ ला निजामाने युद्ध थांबवलं. त्यामुळे धाराशिवकडे वर्षात १५ ऑगस्टशिवाय १७ सप्टेंबरलाही झेंडावंदन असतं.